आप्पासाहेबांची बरगडी आणि पायाळू चतुराबाई

मी, अनसूया हेमचंद्र धानोरकर, वय ६४ वर्षे, धंदा निवृत्त भूगोल शिक्षिका, सध्या गावोगाव व्याख्याने देते, रा. उस्मानपुरा, छत्रपती संभाजीनगर. समक्ष विचारल्यावरून जबाब देते की,

काल दि. २८ मे रोजी दुपारी चार वाजता अजिंठ्याजवळच्या एका गावात विज्ञानावर माझे व्याख्यान होते. शाळेची पक्की इमारत पन्नास पावलांवर असताना सभा चिंचेखाली भरवली होती. कारण आयोजक आप्पासाहेब यांच्या वडिलांच्या सभाही तिथेच भरत.

तापलेली दमट हवा वेगाने वर चढते, गार होऊन तिचा ढग होतो, ढगात बर्फाचे कण एकमेकांवर आपटून वीज साठते, हे मी सांगत असतानाच पश्चिमेला तसाच ढग उभा राहिला. वीज चमकली. मी सेकंद मोजू लागले. नवाला गडगडले. तिसाच्या आत आवाज आला तर घरात जावे आणि शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास बाहेर पडू नये, असे मी सांगितले.

आप्पासाहेबांनी माइक ओढून घेतला. "पायाळू कोण हाय? झाडाखालून निघा. बाकीच्यांनी बसून ऱ्हावा."

पायाकडून जन्मलेल्या माणसावर वीज पडते, असा तिकडे समज आहे. चतुराबाई, वय ५२, शेतमजूर, या मुकाट्याने उठल्या. मी अडवले तर म्हणाल्या, "जाऊ द्या बाई. लहानपणापासून सवय हाय."

मी म्हणाले, "आप्पासाहेब, वीज जन्मदाखला बघत नाही. तिला उंच झाड पुरतं. सगळे शाळेत चला."

"व्हय, व्हय. भाषण झालं ना तुमचं? च्या घ्या."

लोक हसले आणि पुन्हा गडगडताच शाळेकडे पळाले. आप्पासाहेब माइकपाशी थांबले. चतुराबाईंना शाळेत कुणी घेईना, म्हणून मी त्यांना माझ्या गाडीत घेतले व काचा लावल्या. तेवढ्यात चिंच उभी फाटली.

आप्पासाहेब निपचित पडले होते. श्वास नव्हता. त्यांचा मुलगा शिवराज शाळेच्या दारातून ओरडत होता, "हात नका लावू, अंगात करंट हाय!" वीज पडलेल्याच्या अंगात करंट राहत नाही. माझा उजवा हात प्लास्टरमध्ये आहे. मी आकडे म्हटले, चतुराबाईंनी छाती दाबली. काही मिनिटांनी आप्पासाहेब खोकले.

शिवराज यांची तक्रार आहे की चतुराबाईंनी वीज आणली व वडिलांची बरगडी मोडली. पहिले खरे असल्यास बाईंना सरकारी नोकरी द्यावी, भारनियमन तरी थांबेल. दुसरे खरे आहे. बरगडी मोडेपर्यंत छाती दाबली म्हणूनच, ती दुखते असे सांगायला आप्पासाहेब दवाखान्यात जिवंत आहेत.

मीसुद्धा पायाळू आहे. प्रमुख पाहुण्यांना कुणी विचारत नाही.

आता ठाण्याबाहेर आभाळ आले आहे. चतुराबाईंना "आत नको" म्हणून आवारातल्या कडुलिंबाखाली बसवले आहे. मघाशी चमकले तेव्हा मी सहापर्यंत मोजले.

वरील जबाब मला वाचून दाखवला, तो मी सांगितला तसाच आहे. सही चतुराबाई आत आल्यावर करीन.