लायनीच्या पुढची जमीन

सॅमी: मग वॉच दाबनारा झोपला होता, दुसरं काय!

विनया मॅडम: आवाज खाली. प्रल्हाद सर दाराबाहेरच उभे आहेत. हिच्या धावण्याच्या चाचणीत त्यांनीच वॉच दाबलं होतं.

सॅमी: ऐकू जावं म्हनूनच बोलतोय.

विनया मॅडम: तू हिचा कोण?

सॅमी: भाऊ. सॅमी. अठरा पूर्न हाय, आधार आनलंय. पालक म्हनून चालतो, गेटवर विचारून आलोय.

विनया मॅडम: आईवडील?

सॅमी: पावसाची मच्छीमारी बंदी लागली ना, बाबा बोट वर काढून शाकारतोय. आई सुकी मच्छी घेऊन बाजारात. पाचूबंदरवरनं विरारला यायचं म्हनजे दिवस जातो. मी रिकामाच असतो.

विनया मॅडम: शाळा?

सॅमी: सोडली. आठवीत. बाकावर बसवत नाय मला. पन विषय माझा नाय, हिचा हाय.

वेरोनिका: दादा, हळू बोल ना.

सॅमी: तू गप. मॅडम, तुमच्या क्रीडा शाळेत सहावीला पोरींच्या जागा वीस. जिल्ह्यातनं आल्या नऊशे. मान्य. पन ही वेरो आमच्या बंदरात कोनाला सापडत नाय. कुत्र्याला पन नाय. आनि तुमच्याकडे आली की नापास? सेटिंग हाय ही.

विनया मॅडम: पन्नास मीटर आठ सेकंदांच्या आत धावायचं होतं. ती किंचित वर गेली. बस खाली. अपिलं येतात म्हणून आम्ही आता प्रत्येकीचं शूटिंग करतो. हे घे, तूच बघ.

सॅमी: दाखवा, दाखवा... ही लाल टी-शर्टवाली आपली. आता बघा हां. सुटली! कशी सुटली बघा! बाकीच्या अजून उभ्याच हायत! बघा, किती पुढं गेली, आता...

विनया मॅडम: आता काय?

सॅमी: परत लावा.

विनया मॅडम: लावते.

सॅमी: अजून एकदा. तिथं, थांबवा तिथं... वेरो! ब्रेक मारलास तू!

वेरोनिका: नाय मारला.

सॅमी: लाईन यायच्या आधी ब्रेक मारलास! मी इथं ह्यांच्याशी भांडतोय आनि तू...

वेरोनिका: मी पुरी धावली. आईची शपथ.

सॅमी: शपथ कसली घेतेस, दिसतंय ना! मागं झुकलीस, टाचा टेकल्यास. ही निळ्या रिबनवाली बाजूनं निघून गेली तुझ्या!

वेरोनिका: मला नाय माहीत कसं झालं ते.

विनया मॅडम: सॅमी, पुरे. तिच्यावर ओरडायचं नाही. खोटं नाही बोलत ती, तोंडाकडे बघ तिच्या. वेरोनिका, इकडे ये. घरी कुठे धावतेस तू?

वेरोनिका: धक्क्यावर.

विनया मॅडम: जिथे बोटी लागतात, तिथे? मैदान नाही का?

वेरोनिका: शाळेचं बारकं हाय. त्याच्यात पोरं क्रिकेट खेळतात. किनाऱ्यावर जाळी असतात, बोंबील सुकवायचे बांबू असतात. म्हनून लिलाव संपला की धक्क्यावर. दादा खडूनं लाईन मारतो.

विनया मॅडम: कुठे मारतो लाईन?

वेरोनिका: टोकाला.

विनया मॅडम: आणि लायनीच्या पुढे काय असतं?

वेरोनिका: पानी.

सॅमी: ओहोटीला चिखल.

विनया मॅडम: काय म्हणालास?

सॅमी: काय नाय. भरतीला पानी, ओहोटीला चिखल. पन्नास मीटर पुरे पडायला पायजेत ना, मॅडम. म्हनून पार टोकापर्यंत न्यायला लागते लाईन. सुरुवातीला एकदा गेली होती ही खाली. बाबानं जाळं काढतात तसं वर काढलं. तेव्हापासून बरोबर थांबते. एकदा पन चुकली नाय... च्यायला.

वेरोनिका: मग थांबायचं नसतं?

विनया मॅडम: लायनीवर नाही थांबायचं, बाळा. लाईन ओलांडून जायचं. मग पुढे कुठेतरी सावकाश थांबायचं.

वेरोनिका: पुढं कुठं?

विनया मॅडम: पुढे जमीन असते ना.

वेरोनिका: हे मला कोनी बोललंच नाय.

विनया मॅडम: चाचणीच्या आधी तुम्हाला ट्रॅकवरून चालवत नेलं नव्हतं? सुरुवातीपासून लायनीपर्यंत आणि पुढे?

वेरोनिका: नाय. शिट्टी वाजली, पळा बोलले.

सॅमी: नऊशे पोरी, मॅडम. एकेकीला कोन फिरवत बसतंय?

विनया मॅडम: फिरवायचं असतं. नियम आहे तो. आमचाच नियम. सॅमी, वॉच उशिरा दाबलं, हे तुझं म्हणणं मी फेटाळतेय.

सॅमी: फेटाळा. मला वाटलंच होतं.

विनया मॅडम: पूर्ण ऐकायची सवय लाव. ट्रॅक दाखवला नाही, ही चूक आमची. त्यावर ती पुन्हा धावेल. आत्ताच्या आत्ता, एकदाच. वीसपैकी एकच जागा अपिलासाठी ठेवली होती. आधीच्या सहाही मुली आठच्या आत आल्या नाहीत. हिचं अपील शेवटचं.

सॅमी: ही आली तर?

विनया मॅडम: तर जागा हिची. नाही आली तर वेटिंगवरच्या मुलीला जाईल, आणि मग माझ्यावर ओरडायचं नाहीस. शाळा निवासी आहे, ठाऊक आहे ना? घरी फक्त दिवाळीला आणि मे महिन्यात.

सॅमी: ठाऊक हाय. आईचं रडून झालंय आधीच.

विनया मॅडम: आणि तुझं?

सॅमी: चला ना मॅडम, मैदानात.

(तिघं मैदानात येतात. विनया मॅडम आणि प्रल्हाद सर एकेक वॉच घेऊन लायनीपाशी उभे राहतात, सॅमी मॅडमजवळ.)

विनया मॅडम: वेरोनिका, चपला काढ. सुरुवातीपासून आता नुसतं चालत जा. लाईन ओलांड आणि त्या भिंतीला हात लावून ये. घाई नाही. पायांना बघू दे सगळं.

सॅमी: मी जाऊ बरोबर?

विनया मॅडम: तू इथेच, माझ्याजवळ.

वेरोनिका: दादा! इथं पन जमीन हाय!

सॅमी: हाय गं! अजून हाय, जा तू!

वेरोनिका: भिंतीपर्यंत हाय! केवढी हाय!

सॅमी: अजून एक अख्खा धक्का बसेल बघ त्याच्यात!

विनया मॅडम: उड्या का मारतेय ती?

सॅमी: चेक करतेय. आमच्याकडे जमिनीवर एकदम भरवसा नाय ठेवत, मॅडम. वरनं सुकी दिसते, पाय टाकला की गुडघ्यापर्यंत आत.

विनया मॅडम: झालं का गं बघून? जा आता, सुरुवातीला जाऊन उभी राहा. लायनीकडे बघायचं नाही. भिंतीकडे बघ. तयार? पळ!

सॅमी: सुटली.

विनया मॅडम: श्श.

सॅमी: पाय बघा, मॅडम. लागतायत का खाली?

विनया मॅडम: बोलू नकोस.

सॅमी: रोज बघतो मी हिला. ही ती नाय. ही वेगळीच कोनतरी हाय... आता. आता मारेल ब्रेक. इथंच मारते. वेरो...

विनया मॅडम: नाही मारला.

सॅमी: नाय मारला.

विनया मॅडम: बाई गं.

सॅमी: वारा लागला मला. बाजूनं गेली ना आत्ता, वारा लागला.

विनया मॅडम: प्रल्हाद सर, तुमचं किती? माझंही तेवढंच. चष्मा पुसून बघा हो एकदा.

सॅमी: किती? बोला ना किती!

विनया मॅडम: सात पॉइंट दोन.

सॅमी: म्हनजे आठच्या आत.

विनया मॅडम: आत? अरे, ज्या एकोणीस जणी निवडल्यात ना आम्ही, त्यांच्यात एकीचंही सात पॉइंट दोन नाही.

सॅमी: मग बोला ना पुढं! जागेचं काय?

विनया मॅडम: थांब जरा. बघू दे मला तिला.

सॅमी: मॅडम, जागा.

विनया मॅडम: तिची. जागा तिचीच आहे. पण ती अजून थांबत का नाहीये?

सॅमी: तुम्हीच बोललात, पुढं जमीन हाय. आता संपेपर्यंत नाय थांबनार ती.

विनया मॅडम: लागली भिंतीला. हसतेय बघ कशी.

वेरोनिका: दादा! लाईन कुठंय?

सॅमी: इथं! मी उभा हाय ना, तिथं!

वेरोनिका: मग तू एवढा लांब का गेलास?

सॅमी: मी नाय गेलो, वेरो. तू गेलीस.