साहेबीणबाई आणि न्यूट्रॉनचा काटा

मला सांगा, साहेबांच्या बायकोला भर कार्यक्रमात खुर्चीवरून उठवायचं, का तर तिच्या अंगात पाणी आहे... हे काम तुम्ही केलं असतं का? मला करावं लागलं.

तुम्हाला सांगते, तेव्हा भिलाईच्या पोलाद कारखान्याची भट्टी नुकतीच पेटली होती आणि आमच्या शालूचे बाबा कोकची, म्हणजे भट्टीत घालायच्या भाजलेल्या कोळशाची, ओल मोजणाऱ्या यंत्रावर लागले होते, तेही कच्चे. म्हणजे साहेबांसमोर यंत्र नीट चाललं तर कायम, नाही तर फावडं घेऊन परत कोळशाच्या ढिगावर. आता त्या यंत्रात एक डबी, डबीतून दोन जिन्नस निघतात, गॅमा आणि न्यूट्रॉन. ओलीत न्यूट्रॉन थकतो, आणि थकलेले मोजायचे. ओल जास्त तर काटा वर. पण गॅमा मधे लुडबुडतो. त्याचा ठोका बारीक, न्यूट्रॉनचा जाड, म्हणून बारीक ते चाळून टाकायचे, आपण रव्यातलं पीठ चाळतो तसे. आणि संशय आलाच तर शिशाची वीट. गॅमा विटेत अडतो, न्यूट्रॉन आरपार जातो. झालं, तेव्हापासून घरात यांचं एकच, "वीट ठेव, मग बोल." वरणात मीठ जास्त झालं? वीट ठेव. शेजारच्या मैनाबाईंनी कढई नेली ती परत दिली नाही? वीट ठेव, मग बोल...

तर यंत्र चालवून दाखवायच्या कार्यक्रमाला साहेबांनी घरच्या बायकांनाही बोलावलं. पिंपभर वाळवलेला कोक, यंत्र लावलेलं, काटा खाली गप्प. तेवढ्यात साहेबीण सत्यशीलाबाई आल्या, अंगानं चांगल्या भरलेल्या (मीही काही काडी नाही), आणि मानाची म्हणून त्यांची खुर्ची कोणीतरी यंत्राला खेटून टाकली. त्या बसल्या आणि काटा वर.

"केवलराम, कोक वाळवलाय की धुतलाय?" साहेब यांना म्हणाले. "की गॅमा शिरतोय तुमच्या यंत्रात?"

"वीट ठेवतो, मंग बोलतो, साहेब."

वीट ठेवली. काटा वरून हलेना. म्हणजे गॅमा नाही, न्यूट्रॉनच.

"मग ओलं काय आहे इथं?" साहेबांनी विचारलं.

यांनी बाईंकडे पाहिलं, मग जमिनीकडे, मग माझ्याकडे सरकून हळूच म्हणाले, "शालूची माय, बाईले उठव. त्यायच्या अंगातलं पाणी मोजून राहिलं हे."

"मी कावून? तुमीच सांगा ना."

"मी सांगतलं तर उद्या फावडं हातात."

आता काय करता? गेले. "बाई, तिकडे वारा छान येतो." "मला इथंच बरं वाटतंय." "बाई, चहा तिकडे मांडलाय." "मग इकडे पाठवा ना." म्हणजे आणखी पाणी... शेवटी त्यांच्या कानाशी वाकले आणि खरं ते सांगितलं, "बाई, हे यंत्र माणसातलीही ओल दाखवतं, आणि सध्या तुमची दाखवतंय, सगळ्यांसमोर."

बाई अशा उठल्या की पदर खुर्चीलाच राहिला असता. थेट दाराशी. काटा झरझर खाली.

"बघा," साहेब सगळ्यांना म्हणाले, "वीट ठेवली आणि कसं नीट झालं." आणि यांना तिथल्या तिथं कायम केलं. दारातून बाई माझ्याकडे बघत होत्या, ते मात्र विटेनं अडण्यातलं नव्हतं.

घरी जाऊन त्यांनी काय सांगितलं कोण जाणे. दुसऱ्या दिवशी सकाळी मी डबा द्यायला गेले, तर यंत्रापाशी 'बायकांनी जवळ बसू नये' अशी पाटी लागली होती, पाटीखाली खुर्ची टाकून साहेब चहा पीत होते, काटा वर गेला होता, आणि हे मुकाट्यानं वीट आणायला निघाले होते.