दारात आडवे रूळ

ताई: बारक्या, ही फळी का उचलली जात नाही?

बारक्या: हात लावू नकोस ताई, ओली आहे.

ताई: ओली म्हणजे? मी जरा आडवी काय झाले, तू माझ्या दारात काय करून ठेवलंस?

बारक्या: खडी टाकली. खेळण्यातली आगगाडी असली म्हणून काय झालं, रूळ नुसत्या लाकडावर लोळत ठेवायचे का? बघ तरी, किती छान दिसतंय.

ताई: छान दिसतंय. आता मी बाहेर कशी येऊ ते सांग.

बारक्या: खालून. जरा वाकून.

ताई: गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या बाईला वाकायला सांगतोस? एकदा खाली बसले तर उठवायला क्रेन लागेल, आणि तुझ्याकडची क्रेन बोटाएवढी.

बारक्या: तीही मालधक्क्यावर चिकटवून टाकली.

ताई: चेष्टा पुरे. चहाच्या वेळेला माझं पोरगं येतंय मला न्यायला. बॅग भरून तयार आहे.

बारक्या: येऊ दे की. भाचा काय परका आहे? बसेल, चहा घेईल.

ताई: आणि हे वाळायला किती वेळ?

बारक्या: हवेवर असतं. सकाळपर्यंत म्हण.

ताई: सकाळपर्यंत मी कोंडवाड्यात?

बारक्या: चहा देतो ना फळीवरून. फक्त सांडू नकोस, खडीवर डाग पडतो.

ताई: उचलतेच मी आता.

बारक्या: नको गं. आत्ता हलली तर सगळा चिखल होईल. आधी वाळू गाळण्यातून चाळली...

ताई: माझ्या गाळण्यातून. चहात कचकच का लागते ते आज कळलं.

बारक्या: ...मग राखाडी रंग दिला, ब्रशने रुळांखालचा एकेक स्लीपर मोकळा केला, साबणाचं पाणी फवारलं, आणि ड्रॉपरने थेंब थेंब पातळ गोंद सोडला. अख्खी दुपार गेली त्यात.

ताई: थांब जरा. खडी सगळीकडे टाकायची, पण दारातल्या फळीच्या दोन्ही टोकांच्या फटी मोकळ्या ठेवायच्या, म्हणजे फळी काढता येते. हे मला कोणी शिकवलं?

बारक्या: मी.

ताई: मग त्याच फटी गोंदाने कशा भरल्या?

बारक्या: हात वाहवत गेला.

ताई: घड्याळजीचा हात? जन्मभर डोळ्याला भिंग लावून केसाएवढे काटे बसवलेस तू. बरं, डावीकडे वाहवत गेला असेल. उजवीकडे?

बारक्या: त्याच भरात.

ताई: खोटं बोलताना तू कान खाजवतोस, शाळेपासूनची खोड आहे. कानाला गोंद लागलाय, पूस तो.

बारक्या: तूच म्हणाली होतीस ना, मी गेले की ही फळी कायमची बसवून टाक, म्हणजे तुझी गाडी घसरायची थांबेल?

ताई: गेल्यावर म्हणाले होते. मी आत असताना नाही.

बारक्या: तेच तर.

ताई: काय तेच तर?

बारक्या: मला तू आत असतानाच बसवायची होती.



ताई: अरे, मग दातखीळ बसली होती का? 'ताई, जाऊ नकोस' एवढे तीन शब्द निघाले नाहीत?

बारक्या: कुठल्या तोंडाने म्हणू? भाचा फोनवर सांगतो, मामा, आईला मोठी खोली काढून ठेवलीय, खिडकी बागेकडे उघडते. माझ्याकडे काय आहे? दारात आडवी फळी, आणि खिडकीत वाळत घातलेली स्पंजची झाडं.

ताई: ती झाडं माझी आहेत. मी स्पंज फाडला, गवतासाठी मी भुसा रंगवला. तुझी झाडं फुलकोबीसारखी दिसायची.

बारक्या: दिसायची. कबूल.

ताई: आणि मी पोराला हो का म्हटलं, विचारलंस कधी? मी आले-गेले की फळी हलायची, आणि गाडी नेमकी तिथेच घसरायची. मी दाराशी आले की तू श्वास रोखून उभा. पोराला मीच सांगितलं, तुझा मामा बोलून दाखवत नाही, पण माझी अडचण होतेय त्याला.

बारक्या: तुझा पाय अडखळेल म्हणून श्वास रोखायचो गं. गाडीचं काय, घसरली तर उचलून परत ठेवता येते.

ताई: हे तेव्हाच बोलला असतास तर?

बारक्या: आता बोलतो. तू गुडघा बरा होईपर्यंत म्हणून आलीस. तो बरा झाला, चांगलंच झालं. पण तू आल्यापासून मी वेळेवर जेवतो. माझे डोंगर हिरवे झालेत. मी काही केलं की त्याला नावं ठेवायला घरात माणूस आहे. तू गेलीस तर मला करमणार नाही. राहा ना.

ताई: आणि पोराला काय सांगू?

बारक्या: मामाने कोंडलं म्हण.

ताई: आधी हसेल, मग चिडेल, मग बायकोला फोन लावेल.

बारक्या: आणि मग चहा घेईल.

ताई: अधूनमधून चार दिवस जाईन हं मी त्याच्याकडे. त्यालाही आई आहे.

बारक्या: जा की. सोडायला मी येईन.

ताई: आणि आणायला?

बारक्या: आणायला तर दोन दिवस आधीच येईन.

ताई: डोळे पूस आता, गोंदात पाणी वाढेल. तुझं ते घड्याळाचं बारीक पातं कुठे आहे?

बारक्या: हे काय, खिशातच आहे. का गं?

ताई: ओलं आहे तोवर दोन्ही फटींतून फिरव. मला इथून रोज यायचं-जायचं आहे.