कुसुंबाची कुंची

धसईच्या स्टँडवर चंदर मुरबाडच्या गाडीची वाट बघत होता. मागच्या बाकावर एक म्हातारी, कॉलेजातल्या भाचीला पोचवायला आलेली.

"समोर कुसुंब पेटला बघ, मिताली. तुझी आजी म्हणायची, कुसुंब पेटला, आता भाताच्या रोपांसाठी राब भाजायला घ्या."

"पेटला नाय गो आत्या, कोवळी पानं लालच असतात. त्यांना सगळं ऊन पचत नाय, जादा झालं तर करपतात. म्हणून तो लाल रंग ऊन अडवतो. पान तयार झालं की लाली जाते."

"म्हंजे कुंचीच की."

"कसली?"

"तुझ्या बापाची. आई राब भाजायची, मी त्याला कडेवर घेऊन बांधावर उभी. ऊन लागू नये म्हणून आईने लाल लुगडं फाडून कुंची शिवलेली. डोक्यावरनं काढली की रडायचा."

"मग?"

"मग काय, हिरवा झाला नि गेला कल्याणला. परत आला तो जमीन विकायलाच."

"त्यांनीच पाठवलंय मला. दादाच्या पोरीच्या बारशाला तू ये म्हणालेत."

"मी नाय यायची. सांगितलं ना तुला."

"बरं. पण बाळाला कुंची आत्याने घालायची, म्हणजे मी. चांगली कुठं मिळंल, तेवढं तरी सांग."

गाडी आली. चंदर चढून खिडकीशी बसला, तेव्हा खालून आवाज आला.

"ही गाडी जाऊ दे गो. घरी चल, माळ्यावरची पेटी काढ, तुझ्या बापाची कुंची ठेवलेली आहे तिच्यात. माझं चांगलं लुगडंपण तिच्यातच आहे."