कावळा शिवंना

जयराज : आई, आणखी एकदा हाक मार की! आप्पांच्या नावाचा घास ठेवून तास झाला, एकबी कावळा फिरकंना. सांगलीचे पाहुणे पानावर ताटकळलेत.

शालूबाई : ताटकळू देत. पितरांच्या आधी आपल्यात कुणी घास मोडत न्हाई. पैकं घिऊन म्हाळ जेवायला तू बोलीवलंस त्यास्नी, मी न्हवं.

संयोगिता : आई, जाहिरातच तशी आहे ना. 'रानातल्या जुन्या घरात, पूर्वजांच्या सहवासात.'

शालूबाई : पूर्वज! सोप्यात त्यो मिशीवाला फेटेवाला कोण टांगलाय गं?

जयराज : जुन्या बाजारातून आणलाय. भारदस्त दिसतो.

शालूबाई : आन् तुझा बा?

जयराज : आप्पांचा फोटो कोठीत आहे. बंडीतला होता ना तो...

शालूबाई : मग कशाला येतोय त्यो? सोप्यात दुसऱ्याचा बा बघून मागारी फिरला आसंल. आन् कौलावर ते काय किंचाळतंय सकाळधरनं?

जयराज : मशीन आहे. घारीचा आवाज काढतं. पोहायच्या टाकीत पाखरं घाण करायची. आता चिमणीसुद्धा येत नाही बघ!

शालूबाई : लय हुशार माझं लेकरू.

जयराज : ते राहू दे. आप्पांची काही इच्छा राहिली असेल का?

शालूबाई : मला काय इचारतोस? हात जोड आन् त्यालाच इचार.

जयराज : आप्पा, तुमचा फोटो सोप्यात लावतो. पाटीवर नाव घालतो, मोठ्या अक्षरात.

शालूबाई : आला?

जयराज : नाही.

शालूबाई : नावाला काय चाटायचंय त्येनं? माझी खोली कुटं गेली, ते सांग की त्याला.

संयोगिता : आई, तिलाच तर सगळ्यात जास्त मागणी आहे! 'आजीची खोली'. जातं, गोधडी, कंदील, सगळं जसंच्या तसं ठेवलंय.

शालूबाई : व्हय. समदं ठिवलं, आजी तेवढी पत्र्याच्या शेडात घातली.

जयराज : आई, हळू. पाहुणे ऐकतील.

शालूबाई : ऐकू देत. पितरंबी ऐकत्यात.

जयराज : बरं बाई! आप्पा, आईची खोली आजपासनं आईचीच. कुणाला भाड्यानं देणार न्हाई. तुमची आण.

संयोगिता : अहो, पण दिवाळीपर्यंत बुकिंग आहे!

जयराज : खड्ड्यात गेलं बुकिंग. तिथल्या बॅगा काढ आधी.

शालूबाई : माझी वळकटीबी आण गं येताना.

संयोगिता : ...आणली. ठेवली खोलीत. झालं समाधान?

शालूबाई : झालं. जया, आता त्या घारीचं बटान बंद कर.

(मशीन थांबतं.)

जयराज : म्हंजी... तुला ठावं हुतं?

शालूबाई : घार वरडल्यावर कावळा यील व्हय रं? पर तुझा शबुद मला तुझ्या बाच्या म्होरं पायजे हुता.

संयोगिता : आला! तो बघा, कौलावर बसला!

शालूबाई : मागं सरा समदी. आवं, निवांत खावा. खीर गोड झालीया. मी हाय आता घरात.