परका साचा

मान्यवर अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील डॉक्टरसाहेब, पेणकर बंधुभगिनींनो, आणि ज्यांना निरोप द्यायला आपण जमलो ते देवी टोचणारे आपले चांगदेवराव,

बारा वर्षांत या तालुक्यापायी चांगदेवरावांचं काय काय गेलं, ते मी मांडून पाहिलं. दोन सायकली, पोटरीला कुत्र्याचे तीन चावे आणि पुढचा एक दात. बदल्यात आज आपण एक शाल आणि नारळ देतोय.

मी मूर्तीवाला. शाळा तिसरीपर्यंत. लोकांच्या कारखान्यात शाडू मळत मळत स्वतःचा कारखाना उभा केला. छाती पुढे काढून सांगतो, तीस वर्षांत गणपती द्यायला एकदाही चुकलो नाही. मागच्या रांगेतलं मला ऐकू येतं हां! "शेट सोताचाच सत्कार करतोय." करू द्या, थोडाच वेळ.

पाच वर्षांपूर्वीचा, अठ्ठावन्नचा चैत्र. साच्यांचं काम जोरात, आणि सदा कारागिराच्या अंगावर फोड उठले. त्याला मागच्या खोलीत निजवला आणि पुढच्या दाराला कडुनिंबाचा डहाळा बांधला. घरात देवी आली की परक्यानं उंबरा ओलांडायचा नाही, ही आपली रीत. खरं सांगू? मला देवीची भीती नव्हती. सरकारी माणूस आत आला की कारखाना बंद पडेल, ही होती.

चांगदेवराव आले, डहाळ्याकडे बघून म्हणाले, "शेट, मागल्या दारानं आता चार माणसं आत गेली. देवीला मागलं दार ठावं न्हाय काय?"

माझ्या एका गड्यानं दगड भिरकावला. दात गेला तो तेव्हा. मी काय करत होतो? उभा होतो.

तोंडाला रुमाल लावून ते म्हणाले, "आज टोचू द्या. चार दिसांनी माझ्या हातात काय ऱ्हाणार न्हाय."

मी दार लावलं.

बाराव्या दिवशी माझी बहीण सगुणा तापली. मूर्तीचे डोळे आखावेत तर तिनंच. मग मीच धावत जाऊन चांगदेवरावांना आणलं. तोवर तिचं अंग फोडांनी भरलं होतं. ती विचारते, "येवढं सगळं कोनी केलं वो?"

ते तिच्या उशाशी बसले. "बाय, देवीचा जंतू असतो ना, तो निस्ता साचा घेऊन येतो. माती न्हाय, कारागीर न्हाय. आपल्या अंगात बारीक बारीक कारखाने हायेत, त्यांना पेशी म्हणतात. तो एकात शिरतो, तिथं आपला साचा मांडतो. माती तुझी, कारागीर तुझे, माल त्याचा. आणि त्या मालातला हरेक नग पुन्हा साचाच! कारखाना गच्च भरला की भिंत फुटते, नि ते सगळे शेजारच्या कारखान्यांत."

"कारागिरांना कळत न्हाय, कोनाचं काम करतोय ते?"

"न्हाय कळत, बाय."

ती माझ्याकडे वळली. "दादा, मागलं दार आतातरी लाव."

नवव्या दिवशी ती गेली. पाठोपाठ दोन कारागीर. सदा वाचला. चांगदेवरावांनी उरलेल्यांना टोचलं, मग घरोघर फिरून सगळ्या आळीला. आळीत पुढे फोड उठला नाही. दाताचा विषय त्यांनी कधीच काढला नाही. म्हणून तो आज मी काढला.

चांगदेवराव, आमची आठवण ठेवा असं कोणत्या तोंडानं म्हणू? सुखी राहा. मंडळी, तुम्ही ऐकून घेतलंत, आभारी आहे. बोलण्यात उणंअधिक झालं असेल ते पोटात घाला. एक चूक मात्र माझी मीच दुरुस्त करतो. गणपती द्यायला कधी चुकलो नाही, असं मघाशी म्हणालो. अठ्ठावन्न साली, देवी येऊन गेलेल्या त्या घरात, सगळे गणपती वेळेवर तयार होते.

न्यायला कोणी आलं नाही.