गुण आला का?

...नाही, पण मी म्हणते, भरल्या वर्गात उभं करून माणसाला असं विचारावं का? तुम्हीच सांगा. माझी लेक डॉक्टरीच्या मुलांना फार्माकोजेनॉमिक्स शिकवते. म्हणजे, तुम्हाला सांगते, एकाच गोळीनं शेजारणीला गुण येतो आणि आपल्याला ढिम्म फरक पडत नाही, ते का, तर आपल्या जनुकांमुळे, आईबापांकडून आलेल्या. आता यात झोप येण्यासारखं काय आहे? पण तास दुपारच्या जेवणानंतरचा, अर्धी बाकं रिकामी, उरलेली पेंगलेली, आणि ही जीव तोडून सांगते, 'गुण कुणाला येईल, हे आधी कळू शकतं,' की मागून जडावलेला आवाज, 'मॅडम, याला परीक्षेत गुण किती?'

गुण किती... परीक्षेत येतच नाही हो ते. त्यात तिच्या मोठ्या सरांनी बजावलेलं, 'मी येऊन बसतो. पटलं नाही, तर पुढच्या वर्षी हा तास बंद.' लेकीची अन्नावरची वासना उडाली. मी काय करणार, मला आपला नवस येतो. देवाला म्हटलं, हिचा वर्ग भरू दे, तोवर माझा चहा बिनसाखरेचा.

लेकीनं युक्ती काढली. मलाच न्यायचं, जिवंत उदाहरण म्हणून. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मला दुखण्यावर जी गोळी दिलेली, ती पोटात जाऊन नुसती बसायची, मुक्कामाला आलेल्या पाहुण्यासारखी. म्हणे त्या गोळीचं खरं औषध यकृतात बनतं, आणि माझ्या यकृताला ते जन्मापासून जमत नाही. रक्त तपासून पक्कं झालेलं. 'आई, तू फक्त म्हण, गुण आला नाही.' तीन शब्द हो.

गेले. वर्ग गच्च भरलेला, कारण मोठे सर येणार. मी मनात हात जोडते तोच ते आले, पुढच्या बाकावर बसले. आणि मोठे सर म्हणजे कोण, तर माझा गुडघा केला तेच, गोळी लिहिली तेही तेच. 'काय काकू, आमच्या गोळीनं गुण आला ना?'

ज्यानं मला चालतं केलं, त्याला त्याच्याच मुलांसमोर नाही म्हणू? निघून गेलं तोंडातून, 'आला हो, अगदी छान गुण आला.'

मागे पडद्यावर ही मोठी अक्षरं, 'या रुग्णाला या गोळीचा गुण येत नाही.' वर्ग खो खो. 'मॅडम, जनुकं खोटं बोलतात की आई?'

लेक हळूच म्हणाली, 'आई, दुखण्यानं रात्रभर उशी चावत होतीस ना गं?'

'होते गं. पण माणूस किती चांगला आहे.'

सर हसत उठले. 'पटलं नाही बुवा,' म्हणाले आणि गेले. ते दाराबाहेर पडले न पडले तोच एक मुलगी उभी, 'मॅडम, पेशंट असे भिडेपोटी बोलणार, तर आम्हाला कळायचं कसं?'

'म्हणून तर रक्ताला विचारायचं,' लेक म्हणाली. 'रक्ताला भीड नसते.' सगळा वर्ग चिडीचूप, लिहून घेतायत. जरा आधी विचारलं असतंस तर काय झालं असतं गं बाई... आणि त्या शांततेत मागून, 'मॅडम, याला गुण किती?'

देवाचं काही चुकलं नाही. वर्ग भरू दे म्हटलं, भरला. तास राहू दे, हे मागायचं माझंच राहिलं.

घरी आल्यावर लेकीनं स्वतः चहा केला. डोळे लाल, पण म्हणाली, 'नवस फिटला तुझा, आज साखर घातलीय. झालाय ना गोड?'

'अगदी छान गोड,' म्हटलं.

साखर घालायला विसरली होती.